गावात गुरू नसताना कोंगा कसा शिकायचा

चिपळुणात तबला शिकवणारे आहेत, भजनी मंडळांत पखवाज आहे, नमनाला मृदंग आहे, आणि ढोलकीवर बरा हात असलेला एकजण तर कुठल्याही वाडीत सापडतो. कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचा क्यूबाचा उंच ढोल, शिकवणारं मात्र कोणी नाही. मी शिकायला घेतला तेव्हा नव्हतं, आजही नाही. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून फायबरचा जुना कोंगा विकत घेतला आणि एसटीच्या मागच्या सीटवर मांडीला टेकवून घरी आणला. पुढे वर्षभर त्याच्यावर मी जे वाजवत होते तो केरवा होता. बोटांनी वाजवलेला, तबल्याच्या वळणाचा केरवा. लोकांना आवडायचा, पण कोंग्याचा आवाज त्यात नव्हता.

ते वर्ष कशामुळे वाया गेलं आणि नंतर काय केल्यावर हात सुधारला, ते इथे क्रमाने सांगते. तुमच्या गावात शिकवणारा नसेल तर हे उपयोगी पडेल.

आधी वाद्याचं घर ओळखून घ्या

आपल्याकडचे वादक याला सरसकट ‘तुंबा’ म्हणतात. क्यूबात याचं नाव तुंबादोरा. आफ्रिकेतल्या कांगोच्या खोऱ्यातून गुलाम म्हणून क्यूबात नेलेल्या माणसांच्या ढोलांमधून हे वाद्य घडलं. हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या शहरांत रुंबा हा ढोल, गाणं आणि नाच यांचा प्रकार वाढला, आणि रुंब्यात हे ढोल तीन असतात: सगळ्यात खालच्या आवाजाचा तुंबा, मधला, आणि उंच आवाजाचा किंतो. खालचे दोन ठेका धरतात, किंतो नाचणाऱ्याशी बोलतो. १९४० च्या सुमारास आर्सेनियो रॉद्रिगेस यांनी क्यूबाच्या ‘सोन’ या नाचाच्या संगीताच्या ताफ्यात कोंगा आणला. १९४७ मध्ये चानो पोसो न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पी यांच्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात बोंगो-कोंगा रुजवणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचं नाव आदराने घेतलं जातं, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये तुंबा आला तो या चित्रपटसंगीताचं बोट धरून.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की आपण तुंबा ऐकलेला असतो तो बहुतेक वेळा ढोलकी आणि तबल्याच्या शेजारी, त्यांच्याच ठेक्यात. कानात तेच बसलेलं असतं. म्हणून हात लावण्याआधी महिनाभर तरी तिथलं वादन ऐका. १९५२ मध्ये सुरू झालेला मातान्सासचा ‘लोस मुन्येकितोस’ हा ताफा, ताता गुइनेस, मोंगो सांतामारिया, पतातो वाल्देस आणि आजच्या काळातले पोर्तो रिकोचे जोव्हानी हिदाल्गो: इंटरनेटवर ही नावं शोधलीत तर ऐकायला भरपूर मिळेल. ऐकताना वाजवू नका. मांडीवर तालसुद्धा धरू नका. नुसता खालचा ढोल कुठे बोलतो तेवढं शोधा.

वाद्य नसेल तर खोकं

क्यूबातल्या गोदी कामगारांनी रुंबा खोक्यांवर वाजवलाय. खारवलेल्या कॉड माशांची मोठी खोकी खर्जासाठी, मेणबत्त्यांची लहान खोकी उंच आवाजासाठी. यांबू हा रुंब्याचा संथ प्रकार परंपरेने खोक्यांवरच वाजतो. त्यामुळे खोक्यावर शिकणं म्हणजे काहीतरी भागवून घेणं, असं मनात आणू नका. ओळखीच्या सुताराकडून १८ इंच उंच आणि १२ इंच रुंद-खोल असं १२ मिमी प्लायवूडचं खोकं करून घ्या. वाजवायची बाजू ४ मिमीची आणि मागच्या बाजूला ४-५ इंचांचं भोक. पुढे दिलेले ठेके त्याच्यावर पहिले चार महिने आरामात बसवता येतात. स्लॅप, म्हणजे सूर नसलेला कडक फटका, तेवढा कातड्यावरच खरा कळतो.

घ्यायचाच असेल तर एकच घ्या, मधल्या मापाचा. किंतो साधारण ११ इंचांचा, मधला पावणेबारा, तुंबा साडेबारा. उंची २८ ते ३० इंच. जोडी घ्यायचा मोह मोठा असतो, पण सगळे आवाज एका ढोलात आहेत आणि दुसरा मिळाला की हात पहिल्यावर टिकत नाही. जुना घेताना काठावरून बोट फिरवा. कातड्याखालची कड कुठे चेपलेली असेल तर तो सोडून द्या. प्रत्येक नट पान्याने थोडा फिरवून पाहा. आटे गेलेला एक जरी हूक असला तरी सूर कायम एका बाजूला पडतो. कातडं उजेडासमोर धरून जाडी सारखी आहे का ते पाहा. बहुतेक ठिकाणी १३ मिमीचा पाना लागतो, काहींना अर्ध्या इंचाचा. तो ढोलाबरोबरच मागून घ्या.

बसणं आणि सूर

आपल्याला मांडी घालून वाजवायची सवय. कोंगा खुर्चीवर बसून वाजवायचा, हात नसलेल्या साध्या खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर. ढोल दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घ्या आणि पुढे किंचित कलता ठेवा, म्हणजे आपल्याकडची तळाची कड जमिनीपासून दोन बोटं उचललेली राहील. कोंगा खालून उघडा असतो आणि खर्जाची हवा तिथूनच बाहेर पडते. सपाट फरशीवर सरळ ठेवला की तोंड दाबल्यासारखा वाजतो. मी पहिले सहा महिने तसाच वाजवला आणि ढोलात खर्जच नाही असं समजत राहिले.

सूर लावायला मोबाइलवरचा तानपुरा पुरतो. मधला कोंगा पेटीच्या पांढरी एकच्या षड्जाला लावा. पुढे कधी तुंबा घेतलात तर तो त्याच्या खालच्या पंचमाला, म्हणजे तानपुऱ्याची पहिली तार आणि जोडीची तार यांच्यात जे अंतर तेच. तो पंचम-षड्ज आपल्या कानांना लहानपणापासून ओळखीचा आहे, त्यासाठी वेगळं यंत्र घ्यायला नको. चढवताना प्रत्येक नट पाव फेरा, एकामागून एक सगळे, मग पुन्हा पहिल्यापासून. एकाच नटाला पूर्ण फेरा दिला की रिंग तिरकी बसते आणि कातडं तिथेच फाटतं.

उघडा सूर: इथेच सगळ्यात जास्त दिवस घालवा

कोंग्याचा पाया म्हणजे उघडा सूर. बोटं जुळलेली, अंगठा वर आणि काठापासून लांब. बोटांच्या मुळाशी तळव्यावर जी गादी असते ती बरोबर काठावर यायला हवी आणि सगळी बोटं एकाच वेळी कातड्यावर पडायला हवीत. पडली की लगेच वर. हात कातड्यावर पाव क्षण जास्त राहिला तरी सूर मरतो.

तबल्याची सवय असलेल्यांचं इथेच अडतं. तबल्यात एकेक बोट स्वतंत्र काम करतं, इथे चारही बोटांची मिळून एक फळी होते. माझी तर्जनी दर वेळी आधी पोहोचायची. ते मला ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. ते सुटलं पखवाजामुळे. आमच्या वाडीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक काका आहेत, वय ७० च्या पुढे. कोंगा त्यांनी आयुष्यात हाताळलेला नाही. मी दोन-चार थापा मारून दाखवल्या तेव्हा म्हणाले, “बोटांनी बोलू नकोस गं. हात सगळा टाक. आणि टाकलास की विसरून जा.” मग पखवाज पुढे ओढून त्यांनी थाप मारली, पूर्ण पंजा, खांदा सैल, आणि हात जणू आपोआप वर आला. उघड्या सुराला लागणारा हात नेमका तोच होता.

म्हणून हे आग्रहाने सांगते: गावात कोंगा शिकवणारा नसेल तर तबलजीकडे जाण्याआधी पखवाजवाल्याकडे जा. खुल्या पंजाची थाप ही त्यांची रोजची भाषा आहे. ठेके त्यांच्याकडून घेऊ नका, हात घ्या.

सराव असा: एका मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत उजवा-डावा, उजवा-डावा, फक्त उघडे सूर, रोज दहा मिनिटं. दोन्ही हातांचा आवाज सारखा येईपर्यंत पुढे जायचं नाही. डावा हात दीड-दोन महिने मागेच राहील, घाबरू नका. जोर लावावासा वाटला की भाकरी आठवा. भाकरी थापताना कोणी खांद्यातून बळ काढत नाही, तरी परातीत आवाज कसा भरीव येतो.

बाकीचे आवाज

खर्ज सोपा: पूर्ण तळवा हाताच्या वजनानेच मध्यभागी पडू द्या आणि आपोआप वर येऊ द्या.

तळवा-बोटं हा आवाज जवळजवळ ऐकू न येणारा, पण सगळा ठेका त्याच्यावर चालतो. डावा हात कातड्यावर ठेवा. आधी मनगटाकडचा तळवा टेकतो, मग बोटं, पुन्हा तळवा, पुन्हा बोटं. हात उचलायचा नाही, झोपाळ्यासारखा डोलवायचा. टीव्ही बघताना उशीवर केलात तरी चालेल.

स्लॅपला मला आठ महिने लागले. तुम्हाला कमी लागोत, पण महिन्याभरात जमला असं वाटलं तर स्वतःवर थोडा संशय घ्या. हात उघड्या सुरापेक्षा किंचित आत, बोटं सैल आणि थोडी वाकलेली, आणि कातड्यावर पोचतात ती बोटांची टोकं. हात धुतल्यावर पाणी झटकतो ना, मनगट तितकं सैल पाहिजे. परीक्षा कानानेच करायची: उघड्या सुरात षड्ज ऐकू येतो, स्लॅपमध्ये सूर नसतो, नुसता कडाका असतो. तुमच्या स्लॅपमध्ये सूर गुणगुणता येत असेल तर तो अजून मोठ्याने मारलेला उघडा सूरच आहे. आणि स्लॅपसाठी जोर वाढवू नका. जोराने तो येत नाही, हात तेवढे सुजतात.

तुंबाव, आणि सम कुठे आहे

आता मुख्य ठेका. याला तुंबाव म्हणतात. आपल्या पद्धतीने त्याला बोल देऊन पाठ केला की सोपा जातो. डाव्याचा तळवा म्हणजे ‘क’, डाव्याची बोटं ‘ति’, उजव्याचा स्लॅप ‘टा’, उजव्याचा उघडा सूर ‘दुम्’. आठ मात्रा अशा:

क ति टा ति क ति दुम् दुम्

हात: डावा, डावा, उजवा, डावा, डावा, डावा, उजवा, उजवा. आधी आठवडाभर फक्त तोंडाने म्हणा, १ आणि ५ वर पायाने ठोका देत. मग ढोलावर या.

गुरू समोर नसला की एक चूक वर्षानुवर्षं तशीच राहते, ती इथे होते. आपला केरवा पाहा: धा गे ना ती न क धी ना. वजन पहिल्या मात्रेवर, ‘धा’वर. आपला कान भरीव आवाज ऐकला की तिथे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आहे असं धरून चालतो. तुंबावमध्ये भरीव आवाज सातव्या-आठव्या मात्रेला आहेत, आणि समेवर आहे डाव्या तळव्याचा तो जवळजवळ मुका ‘क’. काही मिनिटं वाजवलं की कान नकळत ‘दुम् दुम्’ला सम मानतो आणि सगळा ठेका दोन मात्रांनी सरकतो. हात बरोबर, बोल बरोबर, क्रम बरोबर, आणि तरी चूक. कानाला तर काहीच खटकत नाही, म्हणून ही चूक वाईट. माझं पहिलं वर्ष यातच गेलं, कारण ठेका उलटा पडलाय हे सांगायला कोणी नव्हतं.

उपाय पायाचा. पाय १ आणि ५ वर पडत राहिला पाहिजे, आणि ‘दुम् दुम्’ नंतर पाय खाली येतो हे प्रत्येक आवर्तनात जाणवलं पाहिजे. ते दोन उघडे सूर समेकडे ढकलणारे आहेत, समेवर बसणारे नाहीत. रोज सराव सुरू करताना तुंबाव मध्येच उचलू नका, ‘क’पासूनच सुरू करा. महिनाभर याची सक्ती केलीत की कान वळतो.

क्लावे तीनतालावर मांडा

क्लावे म्हणजे दोन जाड लाकडी दांडके, आणि त्यांच्यावर वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या आकृतीचंही तेच नाव. क्यूबातलं बाकी सगळं वादन या पाच ठोक्यांना धरून चालतं. पुस्तकांतून शिकताना मला हे कळत नव्हतं, तीनतालाच्या १६ मात्रांवर मांडलं तेव्हा एका संध्याकाळी कळलं. सोनचा क्लावे १, ४, ७, ११, १३ या मात्रांना वाजतो. रुंब्याचा क्लावे १, ४, ८, ११, १३ ला. फरक एका मात्रेचा, तिसऱ्या ठोक्याचा.

तीनतालाच्या विभागांवर, म्हणजे १, ५, ९, १३ ला पायाने ठोका द्या आणि हातात टिपऱ्या घेऊन क्लावे वाजवा. पाय आणि हात एकत्र येतात ते फक्त पहिल्या आणि तेराव्या मात्रेला. नवव्या मात्रेला, आपल्या खालीला, क्लावेही गप्प असतो. मधले तीन ठोके पायाच्या आगेमागे पडतात, आणि नेमके तेच घाईत पुढे जातात. सावकाश करा. मोठ्याने म्हणत दहा-पंधरा दिवस रोज मोजलंत की आकडे सुटतात आणि चाल उरते.

मग तुंबाव त्याच्याखाली घाला. दोन आवर्तनं मिळून १६ मात्रा होतात. सोनच्या क्लावेचा तिसरा ठोका पहिल्या आवर्तनातल्या पहिल्या ‘दुम्’वर येतो आणि चौथा दुसऱ्या आवर्तनातल्या ‘टा’वर. हे दोन मेळ ऐकू आले की ठेका जागेवर आहे असं समजा. रुंब्याच्या क्लावेत तिसरा ठोका दुसऱ्या ‘दुम्’वर सरकतो.

चूक दाखवणारं कोणीतरी हवंच

ते काम मोबाइलला द्या. फोन ढोलापासून तीन फुटांवर, हातांच्या उंचीला, बाजूने ठेवा. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं की आपण काय वाजवायचं ठरवलं होतं तेच ऐकू येतं. महिन्यातून एकदा स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. माझी तर्जनी आधी पडते हे काकांनी सांगितल्यावर मला डोळ्यांनी दिसलं ते तिथेच. इंटरनेटवरचे धडे बघताना वादक समोर बसलेला असतो, त्याचा उजवा तुमच्या डावीकडे. सेल्फी कॅमेऱ्याने घेतलेलं असेल तर कधी कधी उलटं. पहिल्यांदा उजवा-डावा तपासूनच हात चालवा. वेग निम्मा करून पाहणं तर रोजचंच.

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या वादकाचा वर्षातून एक तास मिळाला तरी पुष्कळ आहे, फक्त तो तास नवीन ठेके शिकण्यात घालवू नका. त्यांना तीनच गोष्टी विचारा: माझा उघडा सूर ऐका, माझा स्लॅप ऐका, आणि मी तुंबाव वाजवताना तुम्ही क्लावे धरा. त्यांचे हात जवळून चित्रित करायची परवानगी मागा. ऑनलाइन वर्ग घेतलात तर एक ध्यानात ठेवा: आवाज पोचायला उशीर लागतो, दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. आधी चित्रफीत पाठवून त्यावर बोलणं जास्त फळतं.

हात आणि कातडं

अंगठ्या काढून ठेवा. पहिल्या महिन्यात २० मिनिटांपेक्षा जास्त नको. तळवे लाल होणं चालेल. बोटं बधिर होणं, सांधा सुजणं चालणार नाही, दोन दिवस हात बंद ठेवा. खूप वेळ जोरात वाजवल्यावर लघवी लालसर किंवा तपकिरी झाली तर वाजवणं थांबवून डॉक्टरांकडे जा. हातांवरच्या माऱ्याने रक्तपेशी फुटून असं होतं, कोंगावादकांत ते आढळलेलं आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि ढिलं पडतं. जूनमध्ये मी नट चढवत गेले, चढवत गेले, आणि कोरडे दिवस आले तरी उतरवले नाहीत. एका दुपारी घरात कोणी नसताना ढोलाचं पान काठापासून वीतभर फाटलं. आता वाजवून झालं की प्रत्येक नट अर्धा फेरा उतरवते. नटांना वर्षातून दोनदा ग्रीस, नाहीतर आपल्या हवेत ते गंजून बसतात. ज्यांना हे सांभाळणं जमणार नाही त्यांनी फायबरचं पान बसवावं, हवेचा त्याला फरक पडत नाही. मला स्वतःला म्हशीच्या कातड्याचा आवाज आवडतो.

दुसऱ्याबरोबर, लवकरात लवकर

एकट्याने वाजवताना आपण आपल्याच चुकीला सांभाळून घेतो. तुंबाव पाच मिनिटं न थांबता टिकायला लागला की घरातलं कोणीतरी पकडा आणि त्याच्या हातात टिपऱ्या द्या. संगीत येणारा माणूस नको, फक्त न चुकता पाच ठोके मारणारा हवा. माझी १२ वर्षांची भाची हे करते. १, ४, ७, ११, १३ तिने दोन दिवसांत पाठ केलं, आणि आता तिची एक सवय आहे: मी रंगात आले की ती काही न सांगता तिसरा ठोका सातवरून आठवर नेते. सोनचा रुंबा होतो. माझा उजवा हात अडखळतो, ती टिपऱ्या तशाच वाजवत ठेवते आणि म्हणते, “आत्या, हललीस. कपासून घे.”